शिळा सण आणि आपली काटकसर

किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला आपले जुने लोक ‘शिळा सण’ म्हणत. किप्पूर हा दारफळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून, पांढरे कपडे घालून कडक उपास. दुसऱ्या दिवशी दारं उघडायची, गरिबांना दानधर्म करायचा आणि नातेवाइकांकडे भेटीला जायचं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात हे नाव सापडतं. आजच्या मुलांना सांगितलं की ती हसतात. सण आणि तो शिळा? पण कोकणातल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शिळं म्हणजे कालचं. कालचं म्हणजे वाईट, असा अर्थ आपल्या घरात कधीच नव्हता.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमचे फोन. गेली काही वर्षं इकडे कॉव्हेंट्रीत आम्ही आपल्या माणसांशी फोनवर बोललो की आधी तब्येत आणि मग लगेच किराणा. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या खाद्यपदार्थांची महागाई वर्षभरात १९ टक्क्यांच्या वर गेली होती. पंचेचाळीस वर्षांत अशी वाढ झाली नव्हती. नंतर वेग कमी झाला, पण चढलेले भाव खाली आले नाहीत. आणि त्याच देशात, रॅप या संस्थेच्या हिशोबाने, चार माणसांचं घर वर्षाला सुमारे १,००० पाउंडांचं खाण्याजोगं अन्न टाकून देतं. सगळ्यांत जास्त जातात ते बटाटे, पाव आणि दूध. हजार पाउंड म्हणजे मुंबईला जाऊन यायचं एका माणसाचं तिकीट. आम्ही तरी असाच हिशोब लावतो.

आपले पूर्वज कोकणात तेली होते, शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण शनिवारी चूलही बंद असे, आणि इतिहास लिहिणारे त्यावरून पटकन पुढे जातात. घाणा बंद ठेवायला बैल सोडला की झालं. चूल बंद ठेवायची तर शुक्रवारी दुपारीच दुसऱ्या दिवसाचं जेवण तयार हवं, आणि ते कोकणातल्या दमट हवेत, फ्रीज नसताना, रात्रभर टिकायला हवं. म्हणजे आठवड्यातून एकदा शिळं खाणं हा आपला धर्म होता. मन्नाची गोष्ट तीच सांगते. एरवी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मन्नात किडे पडत, पण शुक्रवारी दुप्पट गोळा केलेला शब्बाथपर्यंत चांगला राहत असे.

आपल्या बायका मन्नाच्या भरवशावर राहिल्या नाहीत. काय टिकतं आणि काय नाही, हे त्या शिकल्या. नारळाचं दूध घातलेली कढी रात्रीत नासते, चिंच किंवा कोकम घातलेलं कालवण तग धरतं. तांदळाची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते पण बिघडत नाही, कालवणात कुस्करली की जेवण झालं. तळलेला मासा टिकतो, रश्श्यातला टिकत नाही. घाण्याचंही तसंच होतं. तेल निघालं की उरलेली पेंड गुरांना. मांसाबरोबर दूध-तूप चालत नाही म्हणून आपल्याकडे नारळाचं दूध आलं. त्या नारळाचं पहिलं दाट दूध, दुसरं पातळ दूध, आणि मग उरलेला चोथा चटणीत. किद्दुशच्या शरबतासाठी भिजवलेल्या काळ्या मनुका गाळून झाल्यावर आम्ही आजही टाकत नाही. आलं-मिरची घालून वाटल्या की जेवणात एक तोंडी लावणं होतं.

सणांकडे या नजरेने पाहिलं तर आपलं पंचांग हे कोठीचंही पंचांग आहे. रोश हशानानंतर नव्या तांदळाची खीर. नऊ आबला बिरडं: वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे. वाल हे कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारं पीक, स्वस्त आणि पोटभरीचं, तेव्हा शोकाच्या दिवशी तेच असणं साहजिक होतं. एलियाहू हन्नबीच्या मलिद्याला तर विस्तवच लागत नाही. पोहे, नारळ, साखर, वेलची आणि फळं. तबकातलं सगळं हजर माणसांत वाटून संपतं, उरलं तर पुडी बांधून घरी जातं.

पण खरी कोठी झाडायचा सण पेसाह. जुन्या लोकांत त्याला ‘अनाशी धाकाचा सण’ म्हणत, म्हणजे आंबट रसाचं भांडं झाकून ठेवायचा सण. घरात एरवी कायम असणारं ते भांडं आठ दिवस बंद. आंबवलेलं, फुगलेलं काही घरात नको. अख्ख्या घराला दरवर्षी एकदा प्रत्येक डबा उघडून आत काय आहे ते पाहावंच लागायचं. पुरीमनंतर पिठाचे डबे भरायचे नाहीत, संपवत आणायचे. आमच्या ओळखीच्या इंग्रज घरांत फडताळाच्या मागे सहा-सहा वर्षांपूर्वीचे डबे निघतात. आपल्याकडे ते निघू शकत नाहीत, निदान पेसाह नीट पाळणाऱ्या घरात तरी नाही. ज्या घरांनी पेसाहची साफसफाई सोडली त्यांचं काय, ते आम्ही इथे लिहीत नाही. त्यांना माहीत आहे.

मुंबईत आल्यावर काटकसर सरकारी झाली. १९४३ साली शहरात धान्याचं रेशनिंग सुरू झालं. बंगालमध्ये लोक भुकेने मरत होते तेच हे साल. इस्राएल मोहल्ला, उमरखाडी, भायखळा इथल्या आपल्या घरांत रेशनकार्ड हा पासबुकाइतकाच जपायचा कागद होता. पुढे १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं. आणि १९७२ चा दुष्काळ तर आमच्या पिढीच्या आठवणीतला. तेव्हा रेशनवर परदेशातून आलेला लालसर मिलो मिळायचा. त्याची भाकरी कशी लागायची ते विचारू नका. पण ती टाकली जात नव्हती.

आपल्या माणसांना सर्वांत कठीण गेलं ते इस्राएलमधलं रेशन. १९४९ पासून तिथे ‘त्सेना’ म्हणजे टंचाईचा काळ होता, तो १९५९ पर्यंत चालला. अंडी, साखर, तेल, सगळं कुपनावर. १९५१-५२ मध्ये बेरशेबाच्या काही बेने इस्राएल कुटुंबांनी भारतात परत पाठवा म्हणून सत्याग्रह केला आणि त्यांतली काही परतलीही. त्यांच्या तक्रारींत पावाची तक्रार होती. आपल्या रंगावरून आपल्याला काळा पाव दिला जातो आणि पांढरा दुसऱ्यांना, असं ते सांगत. हे वाचून आम्हाला नेहमी वाटतं की त्या माणसांना कमी खाण्याची सवय नव्हती असं कोण म्हणेल? शिळी भाकरी कुस्करून वाढलेली माणसं ती. त्यांचं भांडण पावाशी नव्हतं. सगळ्यांनी मिळून काळा पाव खाल्ला तर ती काटकसर, आणि एकाला काळा नि दुसऱ्याला पांढरा दिला तर तो अपमान. काटकसरीवर लिहिणारे हा फरक विसरतात.

ब्रिटनला हे माहीत नव्हतं असं नाही. १९१७ साली, पहिल्या महायुद्धात गहू कमी पडू लागला तेव्हा इथे कायदा झाला की भाजल्यापासून बारा तास झाल्याशिवाय पाव विकायचा नाही. कारण साधं: ताजा, गरम पाव माणूस जास्त खातो, शिळ्याचे काप पातळ निघतात आणि कमी लागतात. म्हणजे एका साम्राज्याने आपल्या राजधानीत शिळा पाव सक्तीचा केला! दुसऱ्या युद्धात जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकनपासून रेशनिंग सुरू झालं ते १९५४ च्या जुलैपर्यंत चाललं. पाव युद्धात रेशनवर नव्हता. तो आला युद्ध संपल्यावर, १९४६ ते १९४८. अन्न वाया घालवणं हा तर त्या काळात गुन्हाच होता. कॉव्हेंट्रीवर १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्ब पडले, कॅथीड्रल जळलं, पाणी आणि गॅस तुटला, आणि फिरत्या स्वयंपाकघरांच्या गाड्यांतून लोकांना जेवण द्यावं लागलं. वॉर्डात आम्ही ज्या म्हाताऱ्या इंग्रज बायकांची शुश्रूषा केली त्यांच्यापैकी कित्येकींनी हे सोसलं होतं. जेवणाच्या ताटातला पावाचा तुकडा त्या रुमालात बांधून उशीखाली ठेवत. नव्या मुली चिडत. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही.

मग दोन पिढ्यांत हे ज्ञान गेलं कुठे? आम्हाला वाटतं, ते डब्यावरच्या तारखेत गेलं.

मराठीत उरलेल्या अन्नाला किती शब्द आहेत पाहा. शिळं म्हणजे कालचं. उष्टं म्हणजे कोणाच्या तरी ताटातलं. आंबलेलं, जे कधी मुद्दाम केलेलं असतं. विटलेलं, म्हणजे चव गेलेलं. खवट, जे खोबऱ्याचं आणि शेंगदाण्याचं होतं. बुरसलेलं. आणि सगळ्यात शेवटी नासलेलं. प्रत्येकाचं पुढे काय करायचं ते वेगळं. या सगळ्यांच्या जागी आज एक तारीख बसली आहे, आणि त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सरसकट कचऱ्यात.

तारखाही दोन आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘बेस्ट बिफोर’ ही चवीची तारीख. ती उलटली म्हणून डाळ, तांदूळ, बिस्किटं, बटाटे टाकायचं काहीच कारण नाही. इथल्या दुकानांनाही ते पटलं आहे. टेस्कोने २०१८ पासून आणि मार्क्स अँड स्पेन्सर, वेटरोज यांनी २०२२ मध्ये बऱ्याच ताज्या फळभाज्यांवरची ती तारीख काढून टाकली. मॉरिसन्सने त्याच वर्षी आपल्या बहुतेक दुधावर ‘यूज बाय’च्या जागी ‘बेस्ट बिफोर’ छापायला सुरुवात केली: वास घेऊन पाहा आणि ठरवा.

‘यूज बाय’ मात्र आरोग्याची तारीख आहे, आणि इथे परिचारिका म्हणून आम्ही आपल्या आजीच्या नाकाच्या विरोधात आहोत. मांस, मासे, तयार थंड पदार्थ यांतले धोकादायक जंतू वास देतीलच असं नाही. लिस्टेरिया तर फ्रीजमध्येही वाढतो, आणि गरोदर बाईला तो फार महागात पडतो. फ्रीज ५ अंशांवर किंवा त्याखाली हवा. भाताचं तर आपल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. शिजलेल्या भातात एक जंतू उरतो. भात बाहेर राहिला तर तो विष तयार करतो आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात तासाभरात निववून फ्रीजमध्ये, चोवीस तासांत संपवायचा आणि एकदाच गरम करायचा. फोडणीचा भात जरूर करा, पण रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा नको. पावाला बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचा खाऊ नका, पाव टाका. मात्र टाकायची वेळ येऊ द्यायची नसेल तर आणल्या दिवशीच अर्धा फ्रीजरमध्ये घाला.

खरेदीचं सांगायचं तर कॉव्हेंट्रीचं मार्केट अजून आहे, १९५८ साली उघडलेली ती गोल इमारत. तिथे फळं-भाजी वाडग्याच्या भावाने मिळते. स्वस्त असते हे खरं, पण वाडगाभर मिरच्या दोन माणसांच्या घराला महिनाभर पुरतात आणि आठवड्यात सडतात. आम्ही दोन-तीन घरं मिळून वाडगे घेतो. फोलशिल रोडवरच्या दुकानांत वाल, पोहे, दहा किलोंच्या तांदळाच्या गोण्या सगळं मिळतं. गोणी घ्यायची तर आपल्या आया डाळ-तांदळाला एरंडेल चोळून ठेवत, ते विसरू नका. तेल्यांच्या मुलींना हे शिकवावं लागू नये. कोशर मांस आमच्याकडे लंडन किंवा मँचेस्टरहून येतं आणि ते इतकं महाग आहे की हाडांचा रस्सा काढल्याशिवाय कोणी हाड टाकत नाही. नारळाच्या दुधाचा अर्धा डबा उरला तर तो बर्फाच्या साच्यात गोठवतो. हे आमचं वाळवण.

राहिला शिळ्या सणाचा दानधर्म. शिजवलेलं अन्न इथल्या फूड बँकेला चालत नाही. त्यांना बंद डबे आणि पाकिटं हवी असतात, आणि तीही तारखेच्या आतली. गुरुद्वारांच्या लंगरमध्ये कोरडा शिधा घेतात. म्हणून आमच्यापैकी काही घरं रोश हशानाच्या आधीच फडताळ पाहतात. जे दोन-तीन महिन्यांत आपल्याकडून संपणार नाही ते बाजूला काढतात, डब्यावर मार्करने तारीख मोठी लिहितात, म्हणजे तिथल्या स्वयंसेवकाला चष्मा शोधावा लागत नाही. किप्पूरनंतरच्या सकाळी पिशवी पोचवायची आणि तिथूनच कोणाकडे तरी भेटीला जायचं. जाताना कालची करंजी असली तर तीही न्यायची.