मागची गाडी चिकटून येतेय? मग हे करा

हायवेवर मागची गाडी अगदी जवळ आली, की काही जण घाबरून वेग वाढवतात, तर काही रागाने ब्रेक मारतात. दोन्ही धोक्याचंच. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. मागची गाडी १० मीटरवर असेल, तर तिच्या चालकाकडे अर्धा सेकंदही नसतो. ब्रेकवर पाय जायलाच साधारण एक सेकंद लागतो.

मागचं अंतर थेट आपल्या हातात नसतं, पुढचं असतं. म्हणून:

• ॲक्सिलरेटर हळूच सोडून पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. पुढे जागा असली की अचानक ब्रेक मारावा लागत नाही आणि मागच्यालाही थांबायला वेळ मिळतो.
• वेग कमी करण्याआधी आरशात पाहा. ब्रेक आधी हलका दाबा, म्हणजे मागच्याला लाल दिवे वेळेत दिसतील.
• उजवी लेन ओव्हरटेकसाठी असते. इंडिकेटर देऊन डावीकडे या आणि त्याला जाऊ द्या.
• सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील, इतकं अंतर ठेवून थांबा. मागून धक्का बसला, तरी पुढच्या गाडीवर आदळण्याचा धोका कमी होतो.