अडगळीतून उठलेला कोलोसस

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे बखरी, सनदा, ताम्रपट आणि मोडी कागदांची दप्तरे उभी राहतात. ही साधने पुष्कळदा कोणत्याही दरबारी दफ्तरखान्यात नव्हे, तर कुणाच्या तरी माळ्यावर, उंदरांच्या तावडीतून सुटलेल्या गाठोड्यांत सापडली, हे राजवाड्यांची भटकंती ज्यांना ठाऊक आहे त्यांस नव्याने सांगावयास नको. परंतु इतिहास एखाद्या यंत्राचाच लिहावयाचा असेल, आणि ते यंत्र व त्याचे नकाशे सरकारनेच हुकूम काढून नाहीसे केले असतील, तर साधने शोधावयाची कोठे? इंग्लंडातील काही हौशी मंडळींनी या प्रश्नाचे उत्तर जुने व्हॉल्व्ह, रिले आणि मोडीत निघालेल्या टेलिफोन एक्स्चेंजांचे सामान गोळा करून दिले. त्यांची हकीकत येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मनांच्या एनिग्मा यंत्राची कथा आता बहुतेकांच्या कानांवर आलेली आहे. पण हिटलर आणि त्याचे सरसेनापती यांच्यामधील अत्यंत महत्त्वाचा मजकूर एनिग्मातून जात नसे. तो लॉरेन्झ नावाच्या, बारा चाकांच्या, टेलिप्रिंटरला जोडलेल्या यंत्रातून जाई. इंग्रजांनी हे यंत्र डोळ्यांनी कधी पाहिलेले नव्हते. ३० ऑगस्ट १९४१ रोजी एका जर्मन तारमास्तराने सुमारे चार हजार अक्षरांचा एकच संदेश थोडा फेरफार करून, पण तीच किल्ली ठेवून, दोनदा पाठविला. तेवढ्या एका आळसावरून ब्लेचली पार्क येथील टिल्टमन यांनी मजकूर सोडविला आणि बिल टट या तरुण गणितज्ञाने न पाहिलेल्या यंत्राची संपूर्ण रचना १९४२ च्या आरंभी कागदावर मांडून दाखविली. बुद्धीचा इतका मोठा पराक्रम युद्धाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

रचना कळली तरी रोजचे काम भागत नव्हते. प्रत्येक संदेशाच्या वेळी चाके कोणत्या जागी होती हे शोधावयाचे, म्हणजे अक्षरांची लाखो जुळण्या-पडताळणी करावयाची. माणसाच्या हाताने हे होण्यासारखे नव्हते. येथे टॉमी फ्लॉवर्स यांचा प्रवेश होतो. लंडनच्या पूर्व भागातील एका गवंड्याचा हा मुलगा ब्रिटिश पोस्ट खात्याच्या डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात अभियंता होता. इंग्लंडात त्या काळी टेलिफोनही पोस्टाकडेच असत. फ्लॉवर्स यांनी सुचविले की, हे काम दीड हजारावर व्हॉल्व्ह वापरून विजेने करता येईल. ब्लेचलीच्या शहाण्यांचा यावर विश्वास बसला नाही. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना हा अविश्वास समजेल; व्हॉल्व्ह ऐन नाट्यगीताच्या वेळी जावयाचा, हा त्याचा स्वभावच. फ्लॉवर्स यांना मात्र टेलिफोनच्या कामातून एक गोष्ट ठाऊक झाली होती. व्हॉल्व्ह बिघडतो तो मुख्यतः चालू-बंद करताना. एकदा चालू करून तसाच ठेवला, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. त्यांनी अकरा महिन्यांच्या आत, काही अंशी स्वतःचे पैसे घालून, यंत्र उभे केले. जानेवारी १९४४ मध्ये ते ब्लेचलीस आले आणि फेब्रुवारीत कामास लागले. त्याचे प्रचंड धूड पाहून त्याला ‘कोलोसस’ हे नाव पडले. १ जून १९४४ रोजी सुमारे २,४०० व्हॉल्व्हचा सुधारलेला कोलोसस चालू झाला, आणि युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे झाली होती. प्रमाणाची कल्पना यावी म्हणून सांगतो: मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेला ‘टिफ्रॅक’ हा गणकही व्हॉल्व्हचाच होता, आणि त्यातील व्हॉल्व्हची संख्या सुमारे २,७०० होती.

युद्ध संपले आणि या यंत्रांचे काय झाले? दहांपैकी आठ मोडून टाकण्यात आली. दोन गुप्तवार्ता खात्याने स्वतःकडे ठेवली, आणि तीही १९६० च्या सुमारास गेली. मॅक्स न्यूमन या गणितज्ञाने दोन कोलोससचे सामान मँचेस्टर विद्यापीठाच्या नव्या गणकासाठी मागून घेतले होते. म्हणजे जुन्या सुट्या भागांची ही देवघेव यंत्राच्या मरणाबरोबरच सुरू झाली म्हणावयाची. फ्लॉवर्स यांना नकाशे नष्ट करण्याचा हुकूम झाला. त्यांनी ते डॉलिस हिलच्या भट्टीत टाकले आणि जळताना पाहिले. पुढे नवा गणक बांधण्यासाठी त्यांनी बँकेकडे कर्ज मागितले, तेव्हा असले यंत्र चालणारच नाही म्हणून ते नाकारले गेले. आपण अशी दहा यंत्रे चालविली आहेत, हे सांगण्याची त्यांना मुभा नव्हती! १९७५ मध्ये काही छायाचित्रे सरकारने खुली केली तोपर्यंत, जगाच्या लेखी कोलोसस झालाच नव्हता.

राज्यकर्त्यांस एक गोष्ट मात्र कधीच साधलेली नाही. अभियंत्याच्या खिशातील चिठोऱ्यांवर त्यांची सत्ता चालत नाही. आपण जोडलेल्या मंडलाची एखादी आकृती, एखादे टाचण, ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून घरी नेण्याची खोड या जातीला असते. त्यात देशद्रोह नसतो. हस्तकौशल्याचा जिव्हाळा असतो. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हाच होता. परंतु आज कोलोससविषयी जे कळते, त्यातील बराच भाग या गुन्ह्याच्या पुण्याईवर उभा आहे, असे आमचे मत आहे.

आता टोनी सेल या गृहस्थांकडे वळू. हा मनुष्य जातीचा अडगळप्रेमी. विमानदलात असताना, १९५० च्या सुमारास, त्यांनी कोसळलेल्या वेलिंग्टन विमानाच्या पत्र्यांतून अवघ्या पंधरा पौंडांत सहा फुटी यंत्रमानव केला होता. पुढे तो घरीच पंचेचाळीस वर्षे पडून राहिला. २०१० मध्ये सेल यांनी त्याला बाहेर काढून सांध्यांना तेल दिले, नव्या बॅटऱ्या बसविल्या, आणि तो चालू लागला. मध्यंतरी सेल यांनी ब्रिटनच्या हेरखात्यात नोकरी केली आणि पुढे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जुने गणक दुरुस्त करण्याचे काम पाहिले. ब्लेचली पार्कच्या इमारती पाडण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्या वाचविण्याच्या खटपटीत ते पुढे होते. १९९३ मध्ये त्यांनी जाहीर केले की, आपण कोलोसस पुन्हा उभा करणार.

लोकांनी त्यांना वेड्यात काढले असल्यास नवल नाही. हाताशी होती ती १९४५ मध्ये घेतलेली आठ छायाचित्रे, आणि जुन्या अभियंत्यांनी लपवून ठेवलेल्या काही आकृत्या. छायाचित्रांवरून चौकटींची मापे काढण्यात सेल यांचे कित्येक महिने गेले. पैसे द्यावयास कोणी तयार होईना, तेव्हा त्यांनी व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी स्वतःची पुंजी मोडून काम सुरू केले. हेरखात्यातील जुन्या नोकरीचा मात्र उपयोग झाला. ज्या म्हाताऱ्यांनी पन्नास वर्षे तोंड मिटून ठेवले होते, ते या माणसाशी बोलू लागले. अर्नोल्ड लिंच हे त्यांपैकीच. कागदी फितीवरील छिद्रे प्रकाशाने वाचण्याची व्यवस्था त्यांनी युद्धकाळी आखली होती. ऐंशीच्या घरात पोचलेल्या लिंच यांनी स्वतःच्याच जुन्या रचनेवरून ती पुन्हा आखून दिली. ही फीत सेकंदाला ५,००० अक्षरे या वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ४५ किलोमीटरने, चाकांवरून धावते, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाची नाजूकता कळेल.

पण या कथेचा खरा गाभा सुट्या भागांत आहे. फ्लॉवर्स यांनी युद्धाच्या घाईत कोलोसस बांधला तो काही खास घडविलेल्या वस्तूंचा नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजच्या कोठारात जे रोज हाताशी असे तेच त्यांनी उचलले: पोस्टाच्या मापाच्या लोखंडी चौकटी, रिले, पायरीपायरीने फिरणारे स्विच, प्लग, किल्ल्या. आणि ब्रिटिश टेलिफोन खाते तर सावकाशीबद्दल प्रसिद्ध! स्ट्रोजर पद्धतीची ती टकटक करणारी एक्स्चेंजे पन्नास वर्षे फारशी न बदलता चालत राहिली. आपल्याकडेही, चकती फिरवून क्रमांक लावण्याच्या काळात, याच जातीची एक्स्चेंजे होती. सेल यांनी कामास हात घातला तेव्हा ती इंग्लंडभर मोडीत निघत होती, आणि त्यांच्या जागी गणकावर चालणारी नवी एक्स्चेंजे येत होती. ज्या नव्या यंत्राने जुने रिले भंगारात घातले, त्याच यंत्राच्या पूर्वजाला उभे करण्यासाठी ते रिले हौशी मंडळींच्या हाती पडले.

येथे काळाचा योग किती अरुंद होता ते पाहण्यासारखे आहे. काम दहा वर्षे आधी निघते, तर एक्स्चेंजे चालू असती आणि सामान मिळाले नसते; शिवाय सरकारी गुप्ततेचे कुलूप घट्ट होते. दहा वर्षे उशिरा निघते, तर लोखंड भट्टीत वितळून गेले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्यांच्या बोटांना त्या जोडण्या ठाऊक होत्या ती माणसे उरली नसती. पोस्टातून निवृत्त झालेले कित्येक जण सेल यांच्या मदतीस आले, ते रिलेची पाती जुळविण्यात आणि तारांचे जुडगे बांधण्यात मुरलेले होते. एखादा रिले चिमटीत धरून त्याचा ताण बरोबर आहे की नाही हे सांगणारा हात कोणत्याही पुस्तकातून तयार करता येत नाही. व्हॉल्व्हचीही तीच कथा. हजारोंच्या संख्येने ते लागत होते, आणि नवे कोणी करीत नव्हते. रेडिओच्या छांदिष्टांनी व लष्करी शिल्लक मालाचा साठा करणाऱ्यांनी जपून ठेवलेले व्हॉल्व्ह अशा वेळी कामास येतात. आपल्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी एका व्हॉल्व्हसाठी दहा दुकाने पालथी घातली आहेत, त्यांना या शोधातला आनंद आणि जाच दोन्ही कळतील.

६ जून १९९६ रोजी यंत्राचा पहिला भाग केंटच्या ड्यूकच्या हस्ते चालू झाला. नव्वदीत असलेले टॉमी फ्लॉवर्स समोर होते. आपण जाळलेल्या नकाशांचे यंत्र पुन्हा धडधडताना पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, ते वारले. त्याच सुमारास अमेरिकेने युद्धकाळची हजारो गुप्त कागदपत्रे खुली केली. त्यांत ब्लेचलीस येऊन राहिलेल्या एका अमेरिकन अधिकाऱ्याचा वृत्तांत निघाला, आणि इंग्रजांचे यंत्र कसे चाले हे इंग्रजांना अमेरिकेच्या दप्तरातून कळले! ब्रिटिश सरकारने स्वतःचा मोठा अहवाल खुला केला तो २००० साली. संपूर्ण यंत्र २००७ मध्ये तयार झाले. एकंदर चौदा वर्षे लागली. कोलोसस क्रमांक नऊ ज्या खोलीत होता, त्याच खोलीत ते उभे आहे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एक स्पर्धा झाली. जर्मनीतील पाडेरबोर्नहून लॉरेन्झ यंत्राने गुप्त केलेले संदेश रेडिओवरून सोडण्यात आले, आणि ते कोण आधी सोडवितो ते पाहावयाचे होते. बॉनच्या एका हौशी रेडिओवाल्याने स्वतः लिहिलेल्या कार्यक्रमाने, छोट्या संगणकावर, चाकांच्या जागा ४६ सेकंदांत काढल्या. कोलोससला साडेतीन तासांच्या आसपास लागले. साठ वर्षांमागच्या यंत्राने एवढ्या वेळात काम पुरे केले, याचेच आम्हांला अधिक कौतुक वाटते.

काही विद्वान असा आक्षेप घेतात की, हा कोलोसस खरा नव्हे, नक्कल आहे. आक्षेपात तथ्य आहे. तथापि आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा पडलेल्या जागी नवा चिरा बसतो, म्हणून कोणी देऊळ खोटे म्हणत नाही. येथे तर बहुतेक चिरे त्याच खाणीतले होते. शिवाय कागदावरून न सुटलेल्या कित्येक शंका यंत्र चालवून पाहिल्यावरच सुटल्या. चालते यंत्र हे स्वतःच एक साधन आहे. ते बखरीसारखे अतिशयोक्ती करीत नाही. बिघडले तर बिघडते.

टोनी सेल २०११ मध्ये निवर्तले, पण त्यांच्या मागे मंडळी थांबली नाहीत. टट यांनी ताडलेल्या रचनेवरून इंग्रजांनी युद्धकाळी लॉरेन्झची जी प्रतिकृती केली होती, ‘टनी’ नावाची, तीही नष्ट झाली होती. हौशींनी ती एक्स्चेंजांच्या जुन्या सामानातून २०११ पर्यंत पुन्हा बांधून काढली. नॉर्वेच्या लष्करी संग्रहालयाकडून खरे लॉरेन्झ यंत्र उसने मिळाले. राहिला तो त्याला जोडावयाचा जर्मन टेलिप्रिंटर. २०१६ मध्ये जुन्या वस्तूंचा जो ई-बे नावाचा बाजार संगणकावर भरतो, त्यात एका कार्यकर्त्याला ‘तारयंत्र’ म्हणून विकावयास काढलेली एक वस्तू दिसली. मंडळी साउथएंडला गेली, तर तो टेलिप्रिंटर एका घराच्या मागच्या शेडमध्ये, जमिनीवर, अडगळीखाली पडलेला. किंमत साडेनऊ पौंड. त्यांनी दहाची नोट दिली आणि उरलेले सुटे ठेवून घ्या म्हणून सांगितले. घरी आणून साफ करताच त्यावर युद्धकाळचे क्रमांक आणि स्वस्तिकाचे चिन्ह दिसून आले.

एक उणीव मात्र राहिली होती. नॉर्वेहून आलेल्या यंत्राला त्याची मोटर नव्हती. तेव्हा संग्रहालयाने लोकांना जाहीर विनंती केली: आपापल्या शेडमध्ये, माळ्यावर, तळघरात पाहा, काळ्या रंगाची, दोन्ही टोकांना दांडा बाहेर आलेली, दिसावयास अगदी साधी अशी विजेची मोटर कोठे पडली असेल, तर कळवा.