'पॅकेट'च्या पाठीवरचे एंजिन

रायपूरजवळच्या माना येथील विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फूट उंच. छत्तीसगडच्या या सपाट धानाच्या मुलखात उभे राहिले, की विमान उतरविण्यात काय मोठेसे, असे वाटते. म्हणूनच लडाखच्या उत्तर टोकाकडील दौलत बेग ओल्डीची हकीकत सांगावयाची आहे. तेथील धावपट्टी साडेसोळा हजार फुटांवर. 23 जुलै 1962 रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तेथे प्रथमच विमान उतरविले. ते चपळ लढाऊ विमान नव्हते. ते होते 'पॅकेट' हे बोजड मालवाहू विमान!

अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीचे हे सी-119 विमान 1947 साली प्रथम उडाले. महायुद्धातील डाकोटा जमिनीवर तिरके उभे राही आणि माल बाजूच्या दारातून चढवावा लागे. पॅकेटचे पोट सपाट, शेपूट दोन दांड्यांवर मागे धरलेले. मागची दारे उघडली की लॉरी थेट तेथे लावावी. डिसेंबर 1950 मध्ये कोरियात वेढल्या गेलेल्या अमेरिकी सैन्यासाठी याच विमानांनी चक्क पुलाचे भाग हवाई छत्र्यांनी खाली सोडले.

भारताने ही विमाने 1954 पासून घेतली. अडचण आली ती हिमालयात. साडेसोळा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन पंचमांश. पंखे फिरतात, पण पकडावयास हवाच विरळ. एकदा उतरलेले विमान पुन्हा उठेल कसे? त्यावर उपाय निघाला तो काहीसा बैलगाडीला तिसरा बैल जुंपण्यासारखा: विमानाच्या पाठीवर एक जेट एंजिन बसविण्यात आले. दिसावयास विचित्र खरे. परंतु जेथे रस्ता पोहोचला नव्हता, तेथील जवानांचे धान्य आणि रॉकेल या ओबडधोबड युक्तीवर अवलंबून होते. लढाऊ वैमानिकांचे पोवाडे होतात. शिधा पोहोचविणाऱ्यांचे होत नाहीत, हा मला अन्यायच वाटतो.

11 डिसेंबर 1971 रोजी टांगाईल येथे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन उतरविण्यात आली, त्या ताफ्यातही पॅकेट होती. ही बटालियन मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. पाचच दिवसांनी ती ढाक्यात शिरली.

1980 नंतरच्या दशकात पॅकेट निवृत्त झाले. दौलत बेग ओल्डीची पट्टी तर 1960 नंतरच्या दशकातच ओस पडली होती. 31 मे 2008 रोजी तेथे पुन्हा विमान उतरले ते एएन-32. उष्ण व उंच प्रदेशातील उड्डाणासाठी या विमानाला मुळातच दणकट एंजिने दिलेली होती. पाठीवर काही बांधावे लागले नाही.