जात्यावरची ओवी आणि आजचे गाणे

भगिनींनो, नवे संगीत तेवढे वाईट, हे मला पटत नाही. परंतु ओवीचा इतिहास ध्यानी घ्यावा. सोमेश्वर राजाच्या ११२९ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. अलीकडे हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर ओवीही मुकी झाली. आजच्या गाण्यात वाद्ये पुष्कळ, गळेही गोड. मात्र आपण नुसत्या ऐकणाऱ्या. सासर-माहेरचे सुखदुःख आपल्या आज्या स्वतः रचून गात. उणे पडले ते एवढेच. मुकुंदवाडीतील आजीबाईंच्या ओव्या मंडळाने आताच वहीत उतरून घ्याव्यात, ही नम्र विनंती.