बहिष्कारापासून मुदतवाढीपर्यंत

परक्या सरकारला त्याच्या व्यापारात गाठावे, हा विचार आपल्याकडे कुठून आला हे पाहायचे तर आपल्याला १८७७ च्या दिल्ली दरबारापर्यंत मागे जावे लागते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या दरबारात खादीचा पोशाख करून गेले होते. पुढे १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली आणि बहिष्कार हे राजकारणाचे उघड शस्त्र ठरले. १९३० मध्ये त्याची धग गिरण्यांच्या सोलापुरात पोहोचली. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी तिथे गोळीबार झाला, पोलिसांचा अंमल उठला आणि १२ मे रोजी सरकारने मार्शल लॉ पुकारला. डोक्यावरची गांधी टोपी हाही गुन्हा झाला. ४९ दिवसांनी मार्शल लॉ उठला. पण त्या आंदोलनातील मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. आणीबाणी उठते, तिने केलेले परत फिरत नाही, हे सोलापूरकरांना तेव्हाच कळले.

१९४६ मध्ये हे शस्त्र लोकांच्या हातून सरकारच्या हाती आले. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या भारतीयांच्या जमीनहक्कांवर कायद्याने घाला घातला, तेव्हा भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. जगात असे करणारा भारत पहिला. ही बंदी १९९३ पर्यंत टिकली आणि वर्णभेदाची राजवट मोडकळीला आल्यावरच उठली. म्हणून तिचा दीर्घपणा मला समर्थनीय वाटतो. गोव्याचे उदाहरण वेगळे आहे. १९५५ मध्ये भारताने पोर्तुगीज गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, सीमा बंद झाली. गोव्याच्या बाजारात बटाटे हॉलंडहून आणि चहा सिलोनहून येऊ लागला, लोहखनिज जपानला जाऊ लागले आणि लिस्बनमधला पोर्तुगीज हुकूमशहा सालाझार जागचा हलला नाही. हाल झाले ते दोन्हीकडे नातीगोती असलेल्या कुटुंबांचे. गोवा सुटला तो १९ डिसेंबर १९६१ ला, लष्करी कारवाईने.

आज हे शस्त्र सर्वांत जास्त अमेरिका वापरते. तिथे असे बरेचसे निर्बंध राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून घातले जातात. १९७६ च्या कायद्याने या आणीबाणीला वर्षाची मुदत घातली, ती आपोआप संपावी म्हणून. पण राष्ट्राध्यक्षांनी मुदतवाढीची सूचना काढली की ती पुढे चालू राहते. १४ नोव्हेंबर १९७९ ला, तेहरानच्या दूतावासातील ओलिसांमुळे, इराणविरुद्ध जाहीर झालेली आणीबाणी अशीच दरवर्षी वाढत आली. ओलीस जानेवारी १९८१ मध्येच सुटले होते. इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांपायी २०१९ च्या मेमध्ये भारतालाही इराणी तेलाची खरेदी थांबवावी लागली. म्हणून प्रत्येक मुदतवाढीसोबत गेल्या वर्षी काय साधले आणि कोणाचे हाल झाले याचा हिशेब तिथल्या संसदेपुढे मांडणे बंधनकारक असावे, आणि उद्या आपल्या सरकारने कुणावर निर्बंध घातले तर तोच हिशेब आपणही मागावा.