धागा : बेचाळीस महिन्यांचा पगार आणि लेकरांची पोटगी

यंत्रावर काम करताना कामगाराचे दोन्ही डोळे गेले, तर त्याचे मोल काय? १९२४ च्या जुलैपूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात या प्रश्नाला ठरलेला आकडा नव्हता. मालक देईल ते घ्यावे, नाहीतर दिवाणी दाव्याची पायरी चढून दोष मालकाचाच होता हे सिद्ध करावे. १ जुलै १९२४ रोजी कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा अमलात आला आणि मुंबईच्या गिरणगावातल्या अपघातालाही गणित मिळाले.

प्रौढ कामगाराच्या मृत्यूबद्दल तीस महिन्यांचे वेतन, कमाल २,५०० रुपये. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचे, कमाल ३,५०० रुपये. महिना ३० रुपये कमावणारा माणूस गेला तर ९०० रुपये. आंधळा होऊन जगला तर १,२६०. जगलेल्याची रक्कम मोठी, कारण खाणाऱ्यांत आता तोही होता. पण ही रक्कम एकदाच मिळायची. घरात चार वर्षांचे मूल असेल, तर जुन्या पगाराच्या मापाने खर्च करता ते साडेसात वर्षांचे होईतो पैसा संपणार. भूक महिन्याच्या महिन्याला लागते आणि भरपाई एकरकमी येते, हा सगळ्या प्रश्नाचा गाभा.

बाप मेला असेल, तर कायद्याने लेकरांची फार बारकाईने काळजी घेतली होती. मालकाने पैसे विधवेच्या हाती न देता कामगार नुकसानभरपाई आयुक्ताकडे जमा करायचे. कोणाला किती द्यायचे ते आयुक्त ठरवी. अज्ञान मुलाचा वाटा त्याच्या हितासाठी गुंतवून ठेवता येई. शिवाय कलम ८ मध्ये एक विलक्षण तरतूद होती : आई किंवा बाप मुलांची हेळसांड करत असल्याचे दिसले, तर आयुक्ताला आधीची वाटणी बदलता येई. विधवेवरचा अविश्वास त्यात डोकावतो खरा. पण मुलाला स्वतंत्र हक्कदार मानण्याची दृष्टीही त्यातच आहे.

बाप जगला, तर चित्र पालटे. रक्कम त्याची. कलम ९ नुसार ती गहाण टाकता येत नसे, तिच्यावर जप्ती येत नसे, तिच्यातून कोणाचे येणे वळते करता येत नसे. गिरणगावात पगाराच्या दिवशी सावकार दारात उभा असे, हे लक्षात घेता ही तटबंदी आवश्यकच होती. मात्र त्या कलमाच्या शब्दांत टाकून दिलेल्या बायकोमुलांसाठी वेगळा दरवाजा ठेवलेला नव्हता.

त्यांचा दरवाजा दुसरीकडे होता : १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८८. ‘पुरेशी साधने’ असूनही जो बायकोला किंवा औरस-अनौरस मुलाला पोसत नाही, त्याला मॅजिस्ट्रेट दरमहा पोटगी द्यायला लावी. कमाल मर्यादा आरंभी ५० रुपये होती. ती १०० झाली १९२३ मध्येच, म्हणजे ज्या वर्षी भरपाईचा कायदा संमत झाला त्याच वर्षी. पोटगी थकली तर ती दंडासारखी वसूल होई, आणि तरीही न भरल्यास थकलेल्या दर महिन्यामागे महिनाभरापर्यंत कैद.

आता हे दोन कायदे एका घरात आणून पाहावेत. कलम ४८९ सांगते की परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाले, तर मॅजिस्ट्रेट पोटगीत फेरफार करू शकतो. अपघात झालेला बाप म्हणू शकतो : परिस्थिती बदलली, कमाई गेली, पोटगी कमी करा. आई म्हणू शकते : परिस्थिती बदलली, याच्या हाती १,२६० रुपये आले, पोटगी वाढवा. घटना एकच आणि दोघेही खरे बोलत आहेत. ‘पुरेशी साधने’ म्हणजे आजची थैली की उद्याची मिळकत, याची व्याख्या संहितेत नव्हती. तो निवाडा मॅजिस्ट्रेटच्या विवेकावर सोडलेला होता.

तो विवेकही मर्यादेत बांधलेला. १९५५ मध्ये पोटगीची कमाल ५०० रुपये झाली. १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा क्रमांक १२५ झाला, पण आकडा तोच राहिला. केंद्रीय कायद्यातली ही मर्यादा उठली ती २००१ साली. तोवर बापाला भरपाई कितीही मिळो, या कलमाखाली मुलाच्या महिन्याला पाचशेचे कुंपण होते.