रखवालदाराचा विवेक

विजेच्या इतिहासांत जनित्राची थोरवी सर्वांनीं गाइली, दिव्याचें कौतुक घरोघर झालें. परंतु या दोहोंच्या मध्यें उभें राहून अहोरात्र पहारा करणाऱ्या संरक्षक यंत्रांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. रखवालदार जागा असला म्हणजे घरधन्यास त्याचा विसर पडतो, हा जगाचा रिवाजच आहे. तथापि या रखवालदाराची कथा मोठी उद्बोधक आहे.

त्याचें मूळ रूप अगदीं साधें. एडिसनला १८८० सालीं ज्याचें पेटंट मिळालें, तो फ्यूज म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर जातांच वितळणारी तार. ती स्वतः जळून घर वाचवी. पण एकदां कामीं आली कीं संपली. पुढें दाब व प्रवाह वाढले, तेव्हां हें काम दोघांत वांटलें गेलें. वाहिनी तोडावयाची सर्किट ब्रेकरनें. केव्हां तोडावयाची, हें ठरवावयाचें रिलेनें. एक हात, दुसरी बुद्धि. वाहिनी तुटतांना पेटणारी प्रखर ज्योत प्रथम तेलांत, पुढें दाबलेल्या हवेच्या झोतानें व नंतर सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूंत विझविण्याची विद्या मनुष्यानें हस्तगत केली. हातास बळ आलें. बुद्धीची कसोटी मात्र अवघड ठरली.

लांब वाहिन्यांवरील अंतरमापक रिले दाबास प्रवाहानें भागून दोष किती दूर आहे तें ताडतो. भागाकार लहान आला, कीं दोष झाला असें तो समजतो. परंतु नुसता भार फार वाढला, तरीहि प्रवाह चढतो, दाब उतरतो व भागाकार लहान होतो. दारांत लोटलेली पाहुण्यांची गर्दी आणि दरोडेखोरांची टोळी यांतील भेद अंधारांत ओळखावा कसा?

९ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं ५ वाजून १६ मिनिटांनीं हाच प्रश्न उभा राहिला. कॅनडांत, नायगारा नदीकांठच्या सर अ‍ॅडम बेक वीजगृहांतून टोरोंटोकडे पांच वाहिन्या वीज नेत होत्या. त्यांवरील विजेचा ओघ वाढत गेला, पण दुय्यम रिलेची मर्यादा जुनीच राहिली. दोष कांहींच नसतां एका रिलेनें वाहिनी तोडली. तिचा भार उरलेल्या चौघींवर पडला, आणि क्षणार्धांत त्याहि तुटल्या. टोरोंटोकडे निघालेली वीज उलट फिरून न्यूयॉर्क राज्याच्या वाहिन्यांवर लोटली. थोड्याच मिनिटांत सुमारें ३ कोटि लोक अंधारांत बुडाले. कांहीं ठिकाणीं तर दिवे परत लागावयास १३ तास लागले.

हा धडा आपल्या देशासहि गिरवावा लागला. ३० जुलै २०१२ च्या रात्रीं अडीचच्या सुमारास पश्चिमेकडून उत्तरेस वीज नेणारी बिना-ग्वाल्हेर वाहिनी रिलेनें याच समजुतीनें तोडली. जोडीची वाहिनी आधींच बंद होती. उत्तर विभाग कोसळला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तेंच घडलें. उत्तर, पूर्व व ईशान्य हे तीन विभाग पडले आणि सुमारें ६० कोटि लोकवस्तीच्या प्रदेशांतील वीज गेली. महाराष्ट्र ज्यांत मोडतो तो पश्चिम विभाग वेगळा होऊन तगला.

दोन्ही वेळां रिलेनें आज्ञाभंग केला नाहीं. त्यानें आज्ञा तंतोतंत पाळली. आज्ञा देणाऱ्यानें ती बदलत्या काळाबरोबर तपासून पाहिली नाहीं, एवढाच काय तो अपराध. मर्यादा फार सैल ठेवावी तर खऱ्या दोषानें यंत्रें जळतात. फार आंवळावी तर निर्दोष वाहिनी बळी जाते. म्हणून पहाऱ्यावर रखवालदार नेमल्यानें घरधन्याची जबाबदारी संपत नाहीं. कोणास अडवावें व कोणास येऊं द्यावें, हें त्यास वेळोवेळीं नव्यानें सांगावें लागतें.